मोर्चाला पिस्तूल नेलं म्हणजे मरण मागून घेतलं?

"मोर्चाला पिस्तूल घेऊन जाणारा शांततेसाठी जातो का? मुळात कायद्यानेच मनाई आहे. पोलिसांसमोर बंदूक असली की गोळी बसणारच. आणि ज्यांना हे पटत नाही ते घुसखोरांचे वकील." जानेवारी २०२६ च्या अखेरीस अमेरिकेतल्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर हा मजकूर फिरत होता. मला तो एका दिवसात तिघांनी पाठवला. तिघांपैकी दोघं माझ्यासारखेच रिपब्लिकन पक्षाला मत देणारे. डाव्यांना उत्तर द्यायला मला मजा येते. हे उत्तर घरच्यांना आहे, त्यामुळे जरा जड जातंय.

निमित्त सगळ्यांना माहीत आहे. २४ जानेवारीला मिनीआपोलिसमध्ये इमिग्रेशनची कारवाई चालू असताना बॉर्डर पेट्रोलच्या अधिकाऱ्यांनी एका अमेरिकी नागरिकाला गोळ्या घातल्या, त्यात तो गेला. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं आणि ते बाळगायचा मिनेसोटाचा परवानाही होता. तो पिस्तूल घेऊन अधिकाऱ्यांच्या अंगावर आला असं चित्र सरकारने पहिल्या दिवशी उभं केलं. पुढे आलेल्या व्हिडिओंत त्याच्या हातात फोन दिसतो. गोळी झाडणाऱ्यांचं काय करायचं ते चौकशी आणि न्यायालय बघून घेईल. मी फक्त त्या मजकुराबद्दल बोलतोय, कारण त्यातली चारही विधानं चुकीची आहेत, आणि चारही आपल्याच अंगाशी येणारी आहेत.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे 'हा तिकडे गेला' अशी शंका नको. बेकायदा राहणाऱ्यांना परत पाठवलं पाहिजे या मताचा मी आहे. ग्रीन कार्डाला देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग किती वर्षांची असते ते मी भोगलंय. त्या काळात दर तीन वर्षांनी नोकरीचा एचवन व्हिसा वाढवताना पोटात गोळा यायचा. रांग मोडून आलेल्यांबद्दल मला ममत्व नाही. शिवाय हद्दपारी हा काही ट्रम्प यांचा शोध नाही. २०१२ या आर्थिक वर्षात ओबामांच्या सरकारने चार लाखांहून जास्त लोक बाहेर काढले होते, तेव्हा कुणी रस्त्यावर शिट्ट्या वाजवत फिरलं नाही.

आता मनाईचा मुद्दा. एफबीआयचे संचालक काश पटेल यांनीही टीव्हीवर तेच सांगितलं की भरलेलं पिस्तूल आणि जादा मॅगझिन घेऊन आंदोलनाला जाता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनात हे बरोबर ठरलं असतं. तिथे निदर्शनांत शस्त्र नेण्यावर खरोखरच बंदी आहे. मिनेसोटात असा कायदा नाही. परवाना असेल तर तिथे पिस्तूल उघड लावा किंवा शर्टाखाली, मोर्चात जा नाहीतर भाजी आणायला.

आपल्या लोकांना हे विचित्र वाटतं याचं कारण मला कळतं. आपण शाळेत नागरिकशास्त्रात जो हक्क पाठ केला तो 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा. भारतीय राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये 'विनाशस्त्र' हा शब्द घालूनच ठेवलाय. त्यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहेच. सण आले, निवडणूक आली, की जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश निघतो, त्यात काठीसुद्धा बसते. परवानाधारकांना निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात ते वेगळंच. या हवेत वाढलेल्या माणसाला 'मोर्चा आणि पिस्तूल' हे शब्द एका वाक्यात आले की गुन्हाच दिसतो. पण अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत जमावाबद्दल 'शांततेने' एवढाच शब्द आहे. 'विनाशस्त्र' तिथे नाही, आणि लगेच पुढची दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काची आहे. दोन्ही १७९१ च्या. पुण्याचा चष्मा लावून मिनीआपोलिसचा कायदा वाचता येत नाही.

गर्दीच्या जागेचं म्हणाल तर त्याचा निकाल आपल्याच न्यायाधीशांनी लावून ठेवलाय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २०२२ च्या ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्क राज्याचं म्हणणं होतं की जिथे लोकांची दाटी असते आणि पोलीस हजर असतात ती जागा 'संवेदनशील' धरावी. न्यायमूर्ती थॉमस यांनी ते उडवून लावलं. तसं मानलं तर सगळं मॅनहॅटन बेटच शस्त्रमुक्त करावं लागेल, आणि त्याला इतिहासात आधार नाही. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. आता तोच युक्तिवाद आपला माणूस करतो तेव्हा आपण माना डोलवायच्या?

दुसरं विधान जास्त धोक्याचं आहे: पोलिसांसमोर बंदूक असली की गोळी बसणारच. कॅलिफोर्नियातले एक वरिष्ठ सरकारी वकील बिल इसायली यांनी जवळपास हेच लिहिलं, की पोलिसांजवळ बंदूक घेऊन गेलात तर त्यांनी घातलेली गोळी कायदेशीर ठरण्याची शक्यता दाट. त्यावर 'हे धोकादायक आणि चूक आहे' असं कुणी सुनावलं? एनआरएने, म्हणजे बंदूकधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने.

मी हे तेवढ्याच पोटतिडकीने लिहितोय कारण पिस्तूल परवान्यासाठी लागणारा वर्ग मी केलाय. ग्रीन कार्ड आल्यावर मिनेसोटात अर्ज करता येतो, व्हिसावर असताना नाही. शनिवारचा अख्खा दिवस एका शूटिंग रेंजच्या मागच्या खोलीत, घड्या घालायच्या खुर्च्या, पातळ कॉफी, आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेला प्रशिक्षक. नेम धरायला तासभर दिला असेल. बाकी सगळा वेळ पोलिसांनी अडवलं तर काय करायचं यावर. हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. विचारलं तर शांतपणे सांगायचं, आहे. परवान्याचं कार्ड कुठल्या खिशात आहे ते आधी बोलायचं, मग हात हलवायचा. हे त्याने आम्हा चौदा जणांकडून एकेक करून वदवून घेतलं, मुंजीतल्या बटूसारखं. नंतर काउंटीच्या शेरीफकडे अर्ज, तीस दिवसांत निर्णय, पाच वर्षांचा परवाना. कार्ड घरी विसरलात तर पहिल्या खेपेला दंड जास्तीत जास्त पंचवीस डॉलर. कार्ड जवळ नव्हतं म्हणजे परवाना नव्हताच, असं गटावर लिहिणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे सगळं पाळूनही माणूस मरतो, हे याच राज्याने २०१६ मध्ये पाहिलंय. सेंट पॉलजवळ गाडी अडवली, चालकाने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, आणि काही क्षणांत अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या. त्याच्याकडेही परवाना होता. अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. तेव्हा एनआरएने बोलायला केलेली टाळाटाळ आमच्यातल्या अनेकांना अजून टोचते. यावेळी ती झाली नाही ही जमेची बाजू.

कायदा काय म्हणतो? निव्वळ बंदूक असणं हे गोळीचं कारण नाही, आणि बंदूक असल्याची नुसती निनावी खबर तर झडती घ्यायलाही पुरत नाही. २००० साली मायामीतल्या एका प्रकरणात पोलिसांना निनावी फोन आला की बसथांब्यावरच्या अमुक शर्टवाल्या पोराकडे बंदूक आहे. बंदूक निघालीही. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की झडती बेकायदा, आणि बंदुकीचा विषय आहे म्हणून वेगळा नियम करणार नाही. गोळी घालायची तर समोरून जिवाला तातडीचा धोका हवा. मे २०२५ मध्ये तर न्यायालयाने, पुन्हा नऊ विरुद्ध शून्य, सांगितलं की गोळीबार योग्य होता का हे ठरवताना शेवटचे दोन सेकंद कापून बघायचे नाहीत, आधीपासून काय घडत आलं ते सगळं बघायचं. म्हणजे ढकलाढकली कुणी सुरू केली, पिस्तूल हातात होतं की कमरेला, ते आधीच काढून घेतलं होतं का, हे सगळे प्रश्न विचारावेच लागतात. ते विचारणारा पोलीसद्वेष्टा ठरत नाही.

'शांततेसाठी जातो का?' याला उत्तर रिचमंडमध्ये आहे. २० जानेवारी २०२० रोजी व्हर्जिनियाच्या विधानभवनाभोवती बंदुकीच्या कायद्यांविरुद्ध बावीस हजारांच्या आसपास माणसं जमली. हजारोंच्या खांद्यांवर रायफली. अटक एक झाली, तीही तोंडावर फडकं बांधल्याबद्दल. ही मंडळी शांत होती ना? त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिशिगनच्या विधानभवनात लोक रायफली घेऊन शिरले, तेव्हा आपण म्हणालो की हक्क आहे त्यांचा. विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशात सतरा वर्षांचा मुलगा रायफल घेऊन दंगलीत उतरला, दोन माणसं त्याच्या हातून मेली, ज्युरीने स्वसंरक्षण मानून त्याला सोडलं, आणि आपल्या गटांवर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, तो निकाल मला आजही बरोबर वाटतो. आता मात्र रायफल नाही, कमरेचं पिस्तूल, तेही बाहेर न काढलेलं, आणि लगेच दहशतवादी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

ही चूक आपल्याकडून पूर्वीही झालीय. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. भरलेली बंदूक रस्त्यावर नेण्यावर बंदी घालणारं विधेयक तेव्हा चर्चेत होतंच, ते झटपट मंजूर झालं. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. ज्यांची भीती वाटली ते गेले, कायदा राहिला, आणि आज कॅलिफोर्नियातला रिपब्लिकन मतदार बंदुकीच्या जाचक नियमांबद्दल रडतो तेव्हा त्या नियमांच्या पायाचा एक दगड कुणी ठेवला हे त्याला कुणी सांगत नाही.

राहता राहिलं 'घुसखोरांचे वकील'. १९९२ चं रुबी रिज आणि १९९३ चं वेको आठवा, फेडरल अधिकाऱ्यांनी बंदुका बाळगणाऱ्यांना वेढा घातला आणि त्यात माणसं मेली. बंदुकीच्या बाबतीत फेडरल अधिकाऱ्यांच्या पहिल्या निवेदनावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हा धडा उजव्यांनीच त्यातून घेतला. आणि एक गंमत. स्थानिक पोलीस इमिग्रेशनच्या कामाला जुंपता येत नाहीत, या ज्या तत्त्वावर मिनीआपोलिससारखी शहरं आज उभी आहेत, ते आलं १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यातून. तो लढवला होता दोन शेरीफांनी, एक मोंटानाचा, एक ॲरिझोनाचा. बंदूक घेणाऱ्यांची चौकशी करायची वॉशिंग्टनची बिगारी आम्ही करणार नाही म्हणून. निकाल लिहिला उजव्यांचे लाडके न्यायमूर्ती स्कालिया यांनी. तेव्हा वकील कोण कुणाचा, जपून बोलावं.

डाव्यांनी यात हुरळून जायचं कारण नाही. ज्यांना आयुष्यभर साधं पिस्तूल खुपलं त्यांना अचानक दुसऱ्या घटनादुरुस्तीचा उमाळा आलाय, तो पुढच्या बंदीच्या विधेयकापर्यंत टिकला तर बघू. आणि अटक चालू असताना मध्ये पडणं, गाडी आडवी घालणं, अधिकाऱ्याला धक्का देणं हा फेडरल गुन्हा आहे, तुमच्याकडे परवाना असो वा नसो. आमचा तो प्रशिक्षक म्हणायचा की पिस्तूल कमरेला आहे त्या दिवशी पार्किंगच्या जागेवरूनही भांडायचं नाही, सॉरी म्हणून निघायचं. अटकेच्या झटापटीपासून चार पावलं लांब राहा, हा सल्ला मी कुणालाही देईन. पण सल्ला न ऐकण्याची शिक्षा देहदंड नसते.

मजकूर पाठवणाऱ्या मित्राला हे थोडक्यात लिहिलं. त्याने विचारलं, "मग तू जाशील का मोर्चाला पिस्तूल घेऊन?" म्हटलं, नाही, मी मोर्चालाच जात नाही, मला गुडघ्याचा त्रास आहे, पण प्रश्न माझा नाहीये. त्याने अंगठा पाठवला. अर्ध्या तासाने तोच मजकूर दुसऱ्या गटावर आला, पाठवणारा तोच.