अळी दिसली की आधी झाड बघा

पावसाळा सुरू झाला की आमच्या सांगलीत एक फोटो हमखास फिरतो. पांढऱ्या फरशीवर अळी आणि खाली प्रश्न, "ही विषारी आहे का?" आता झाडावरून उचलून फरशीवर टाकलेली अळी बघून कोण काय डोंबल सांगणार? ती कशावर होती, काय खात होती, हे कुणी लिहीतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, अर्धी ओळख तिथंच पटते. कारण बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत भलत्या चोखंदळ असतात.

कुंडीतला कढीपत्ता घ्या. पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं आणि ती शीट हळूच पुढं सरकली, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी कुणाची तरी अळी. वाढली की हिरवीगार होते. काडीनं जरा डिवचा, डोक्यामागून नारिंगी-लाल, दुफाट्याचं ओलसर शिंग झटकन बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. आपण दचकतो, पण ती चावतही नाही आणि डसतही नाही. त्यावर लोकांचा उपाय काय, तर कीटकनाशकाचा फवारा! अहो, तीच पानं उद्या तुमच्या आमटीच्या फोडणीत पडणार आहेत. खाईना का बिचारी चार डहाळ्या, कढीपत्ता परत फुटतो.

तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी हिरवी अळी, पुढच्या बाजूला दोन निळे डोळे, शेपटीला काटा? डोळे खोटे आणि काटाही नुसता धाक दाखवायला. ती पतंगाची. रुईवर काळे-पिवळे-पांढरे पट्टे असतील तर फुलपाखराची. संपलं.

घरातल्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी चिकटलेली असते, ती मात्र भल्याभल्यांना ओळखता येत नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात, पंख्याच्या वर, दमट जागी. धूळ समजून झाडूनं उडवतात. थोडा वेळ नुसतं बघत उभे राहा. एका टोकातून आतल्या अळीचं तपकिरी डोकं आणि पुढचे पाय बाहेर येतात आणि बाई आपलं घर ओढत चालू लागतात. पिशवी दोन्हीकडून उघडी, त्यामुळं आत वळून दुसऱ्या टोकानंही निघता येतं. वाळूचे कण, धूळ आणि धागे रेशमानं जोडून ती बांधलेली असते. खाणं म्हणजे कोळ्याची जुनी जाळी, केस, लोकर. म्हणजे ती दिसली की जळमटं काढायची राहिलीत एवढंच समजायचं.

अंगावर केस किंवा काटे असले की मात्र हात लावायचा नाही, यात दुमत नाही. शेवग्याच्या बुंध्यावर सुरवंटांचा गठ्ठा बसतो, त्यांचे केस लागले तर खाज येते. उसाच्या पाल्यात, बांधावरच्या गवतात सापडणारी घोणस अळी तर काट्यांनी चांगलीच आग करते. पण २०२२ च्या सप्टेंबरात तिच्या नावानं जे चाललं होतं ते आठवतंय ना? शेतात मरून पडलेल्या माणसांचा फोटो आणि सोबत 'साप परवडला' छापाचा मजकूर. ती माणसं वीज पडून गेली होती. इकडं बाया भांगलायला जायला घाबरायला लागल्या, आणि हे पाठवणारे बहुतेक फ्लॅटमध्ये राहणारे! काटे लागले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, साबणानं धुवा, बर्फ लावा. सूज वाढली किंवा दम लागला तर लगेच डॉक्टर गाठा.

शेतकऱ्याला हे सगळं शिकवावं लागत नाही. २०१८ मध्ये लष्करी अळी कर्नाटकातून आपल्या मक्यात शिरली, तेव्हा डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडचे चौकोनात बसलेले चार ठिपके गावोगाव पाठ झाले. त्याच्या पिकावर बेतलेलं होतं. आपल्याला गॅलरीतल्या चार कुंड्यांपुरतं तरी जमायला काय हरकत आहे?

तेव्हा फोटो पाठवायचाच असेल तर पानासकट पाठवा आणि बाजूनं काढा, म्हणजे पाय मोजता येतील. पुढं तीन जोड्या खऱ्या पायांच्या, मागं पोटाखाली मऊ पाय. त्या मऊ पायांच्या पाचपेक्षा जास्त जोड्या भरल्या तर ती ना फुलपाखराची ना पतंगाची. मुळ्याच्या, मोहरीच्या पाल्यावरची काळपट अळी नीट बघा, तिला आठ जोड्या सापडतील. ती गांधीलमाशीच्या गोतातल्या एका माशीची.