पैसे भरून बुडणं

आमच्या खान्देशात पाणी बघायला कोणी जात नाही. पाणी आलं का, ते बघायला जातात. नदी नाही असं नाही. तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. आमच्या अमळनेर तालुक्यातून जाताना ती खोल दरडींच्या तळाशी मान खाली घालून जाते, आणि समुद्राला भेटायचं काम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच सोपवलेलं आहे.

त्यात मी भूगोलाचा मास्तर. नोकरी लागल्यापासून दर वर्षी फळ्यावर प्रवाळबेट काढतो. पांढऱ्या खडूने कडं, आत निळ्या खडूने पाणी. स्वतः कधी प्रवाळ पाहिलं नव्हतं, पण त्यामुळे शिकवण्यात काही अडत नव्हतं. ध्रुवप्रदेशही मी न बघताच शिकवतो आणि त्यात मुलांना चांगले मार्क पडतात.

हे सुरळीत चाललं असतं, पण बायको टपाल खात्यात आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एलटीसीत, म्हणजे रजेतल्या सरकारी प्रवास-सवलतीत, अंदमानला विमानाने जायची सवलत मिळते. हिच्या ऑफिसातले एकेक जण जाऊन आले, आणि प्रत्येकाचा फोटो ग्रुपवर आला : मागे निळं पाणी, तोंडात नळी, डोळे बटाट्याएवढे. पुण्याच्या मुलीने आईची बाजू घेतली. बुकिंग करता करता तिने ‘स्कूबा डायव्हिंग, दोन जण’ हेही टाकून दिलं. मला कळवलं ते पैसे भरल्यावर, म्हणजे माघारीचे दोर कापून.

माझी आई म्हणाली, “तुले पोहता येस नही.”

मी तिला समजावलं, की स्कूबाला पोहता यावंच लागतं असं नाही. पोहणं पाण्याच्या वर असतं, हे पाण्याच्या खाली असतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बुडनंच शे ते आपली हीर काय वाईट शे?”

शेजारच्या जिभाऊंना बुडण्याची चिंता नव्हती. “मास्तर, तठे खाशात काय?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. भुसावळच्या पुढे जग जेवतं कसं, याची काळजी आमच्या गल्लीत सगळ्यांनाच असते. मग शेवभाजीची जाड शेव, काळा मसाला, दादर ज्वारीचं पीठ, ठेचा, बिबडे आणि डबाभर कुरडया असं सामान निघालं. कुरडया कच्च्या. “हॉटेलात तेल तर असेल ना?” ही म्हणाली.

भुसावळहून हावडा, कोलकात्याहून विमान, आणि मग बोट. बोटीबद्दल फार लिहीत नाही. पुढच्या सीटच्या खिशात कागदी पिशव्या असतात. त्या कशासाठी असतात हे मी हिला शास्त्रीय कारणांसह समजावून सांगत होतो, आणि ते स्पष्टीकरण मला प्रात्यक्षिकाने पूर्ण करावं लागलं.

बेट म्हणजे हॅवलॉक. २०१८ पासून नाव स्वराज द्वीप. तिकिटावर नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं गेलं, त्यामुळे गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. पाट्या वाचून ही खूश झाली, “माळकऱ्यांचं बेट दिसतंय.” गोविंदनगरच्या पहिल्याच खाणावळीत फळ्यावर मासे सोडून दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. हॉटेलच्या आचाऱ्याने कुरडया तळून द्यायचं कबूल केलं, पण तेल तापायच्या आधीच टाकल्या. त्या फुलल्या नाहीत, नुसत्या तेल पिऊन बसल्या. हिने डब्याचं झाकण लावलं ते लावलंच.

पहाटे पाचला ही उठवायला लागली, “अहो, ऊन आलं!” भूगोलाच्या मास्तराला हे आधी सुचायला हवं होतं. अमळनेर ७५ पूर्व रेखांशावर, हॅवलॉक ९३ वर. मधे अठरा रेखांश, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे बहात्तर मिनिटं आधी सूर्य. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. तेवढ्याच बोलीवर संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायला लागतो. मी हे हिला पांघरुणातूनच सांगत होतो, पण ती टॉवेल घेऊन बाहेर पडली होती.

राधानगरचा किनारा सुंदर आहे, त्याबद्दल दुमत नाही. २००४ साली ‘टाइम’ने त्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं. पांढरी पिठूळ वाळू. ही दोन्ही हातांत भरभरून घेत होती. मी माहिती पुरवली, की प्रवाळाच्या समुद्रात पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, ते आत दळलं जातं आणि मागच्या बाजूने वाळू होऊन बाहेर पडतं. अशा किनाऱ्यांवरची बरीच पांढरी वाळू त्याचीच. हिने हात झटकले. त्यानंतर बेटावर मी कुठलीही माहिती सुरू केली की “राहू द्या” एवढंच उत्तर येई.

खरी परीक्षा एलिफंट बीचवर सुरू झाली. तिथे स्नॉर्केलिंग करतात. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात नळी, आणि उपडं होऊन तरंगत खाली बघायचं. मास्कमध्ये नाकही बंद होतं, म्हणून श्वास तोंडाने. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकून बोट फिरवायचं असतं. “आधी कोण कोण थुंकलं असेल!” ही म्हणाली, पण थुंकली. आणि दोन मिनिटांत लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून, तोंड पाण्यात घालून निवांत तरंगायलाही लागली. पेन्शनच्या दिवशी काउंटरवर बसणाऱ्या बाईला संथ श्वास कसा घ्यायचा हे शिकवावं लागत नाही.

माझ्या मास्कमध्ये मात्र पाणी येत होतं. पट्टा आवळला, पाणी आलं. मास्क बदलला, तरी आलं. नाकात खारं पाणी गेलं की माणूस तोंड उघडतो, तोंड उघडलं की नळी सुटते, आणि मग समुद्र सगळीकडून आत यायला मोकळा. गाइड पोरगा बेटावरच जन्मलेला. तो धीर देत म्हणाला, “अंकल, डरो मत. इस टापू पे हाथी तैरता था.” खोटं नव्हतं. लाकूड ओढायच्या कामावरचा राजन नावाचा हत्ती हॅवलॉकच्या समुद्रात पोहायचा. २०१६ साली तो गेला. मी म्हटलं, त्याला सोंड होती. पोराने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि निदान केलं, “अंकल, प्रॉब्लेम मूछ का है.”

मास्कची रबरी कड कातडीला चिकटते म्हणून पाणी बाहेर राहतं. मधे केस आले की फट राहते. हे इतकं सरळ होतं की वाद घालायला जागाच नव्हती. व्हॅसलिन चोपडून पाहिलं. पाणी आलंच, वर मिशीला वाळू चिकटली. स्कूबाच्या दुकानातल्या इन्स्ट्रक्टरनेही तेच सांगितलं, की वर उथळात चालवून घेता येईल, पण खाली दहा मीटरवर सारखा मास्क रिकामा करत बसाल. पैसे परत मिळतील का, असं मी विचारलं. हिने माझ्याकडे पाहिलं.

अमळनेरात मला नावाने ओळखणारे थोडे. मिशीवाले सर म्हटलं की रिक्षावाला दारात सोडतो. आणि मिशी आमच्याकडे एकाच कारणाने उतरवतात. माझे वडील जाऊन तर कैक वर्षं झाली. गोविंदनगरच्या सलूनमधल्या न्हाव्यालाही ते माहीत असावं, कारण त्याने वस्तरा हातात घेऊन आधी दुखवट्याचा चेहरा केला. कारण सांगितल्यावर तो हसला नाही. एका झटक्यात काम केलं आणि आरसा पुढे धरला. आरशात माझा थोरला साडू बसला होता.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “कोन गयं रे?”

दुसऱ्या दिवशी स्कूबा. आधी फॉर्म. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, वय पंचेचाळीसच्या वर आहे का. इतकी चौकशी आमच्या लग्नातही झाली नव्हती. मग वेटसूट. हा अंगाला घट्ट बसावा लागतो. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट राहतो, म्हणून थंडी वाजत नाही. घट्ट म्हणजे किती, तर दोन पोरांनी पाठीमागून चेन ओढली आणि तिसऱ्याने मला पुढून आधार दिला. पाठीवर सिलिंडर. त्यात ऑक्सिजन नसतो, आपली साधीच हवा असते, पण दाबून भरलेली. मोटारीच्या टायरात दोन बारच्या आसपास दाब असतो, इथे दोनशे. हे ऐकल्यावर मी सिलिंडर जरा दूर धरता येतं का ते पाहिलं.

आणि मग मी बुडेना. पैसे भरलेत, फॉर्मवर सही केली आहे, मिशी दिली आहे, आणि देह खाली जायला तयार नाही. चरबी तरंगते. इतक्या वर्षांची वरण-बट्टी, वरचं तूप, श्रावणातली पुरणपोळी सगळी एकजुटीने मला वर ढकलत होती. इन्स्ट्रक्टरने कमरेच्या पट्ट्यात शिशाचा एक तुकडा वाढवला, मग आणखी एक. ही केव्हाच खाली गेली होती; तिचे बुडबुडे माझ्या पायांशी येऊन फुटत होते.

खाली जाताना कान दुखतो. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो, म्हणून मास्कच्या रबरावरून नाक चिमटीत धरून आतून फुंकायचं, की कान मोकळा होतो. श्वास मात्र कधीही कोंडायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा करते. बाकी बोलणं हातवाऱ्यांनी. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. इन्स्ट्रक्टर दर मिनिटाला माझ्या डोळ्यांपुढे तो गोल धरायचा. आयुष्यभर मी पोरांना जे देत आलो, ते हा पोरगा मला परत करत होता.

पण तळाशी पोहोचलो आणि समोर प्रवाळ. फळ्यावरचं कडं नव्हे. फांद्या, पंखे, टेबलं, आणि एक मोठा गोल खडक, वर नागमोडी वळ्या. थेट उन्हात वाळत घातलेली कुरडई. हात लावायचा नसतो, कारण ते झाड नाही, दगडही नाही, बारीक बारीक प्राण्यांची वसाहत आहे. हे मी किती वर्गांना सांगितलं होतं! एका समुद्रफुलातून नारिंगी क्लाउनफिश बाहेर डोकावला. हे सगळे जन्माला नर येतात. टोळीतली मादी मेली की मुख्य नर मादी होतो. हिच्या मनगटावरचा मंगळग्रह मंदिराचा लाल दोरा काळपट दिसायला लागला होता, कारण लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो. मासे खऱ्याहून एक तृतीयांश मोठे दिसत होते, तेही का ते मला ठाऊक होतं. सगळं मला ठाऊक होतं, आणि तोंडात रबर होतं.

शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही. मी हिचा दंड हलवला, दोऱ्याकडे बोट केलं, मग वर, सूर्याच्या दिशेने, मग पाण्याच्या थरांसाठी हात एकावर एक. हिने काळजीने माझ्याकडे पाहिलं आणि इन्स्ट्रक्टरला बोलावलं. त्याने शून्य दाखवलं. मी मान हलवली, पुन्हा दोरा, सूर्य, थर. त्याने दाबमापक तपासला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि अंगठा वर केला. मी आणि तो वर आलो. तोंडातलं रबर काढून मी म्हटलं, “लाल रंगाची तरंगलांबी सगळ्यात जास्त असते.” तो म्हणाला, “जी अंकल,” आणि मला किनाऱ्याकडे ओढायला लागला. ही वीस मिनिटांनी आली. तिने कासव पाहिलं होतं.

स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून मुलीने मधे एक दिवस मोकळा ठेवला होता. तो मी हिला खाली काय काय पाहिलं ते समजावण्यात घालवला. “राहू द्या” आलंच, पण दुपारनंतर.

समुद्रावर उचललेलं प्रवाळ, शंख बेटाबाहेर न्यायला बंदी आहे, आणि विमानतळावर त्याची कसून तपासणी होते. आमची पिशवी यंत्रातून गेली आणि थांबली. जवानाने पडद्यावर बोट ठेवलं. डबा उघडायला लावला. वळ्यावळ्यांचे पांढरट गोळे, कडक, कोरडे. “मॅडम, कोरल ले जाना मना है.”

“कोरल नाही हो, कुरडई!” ही म्हणाली, आणि सुरू झाली. गेहूं तीन दिन भिगोने का, रोज पानी बदलने का, पीसने का, चीक निकालने का, पकाने का, सोऱ्यातून पाडने का, धूप में सुखाने का. हिची रांगेत उभं राहणाऱ्यांना समजावण्याची सवय खात्यातली आहे. मागे रांग वाढली तरी तिचा स्वर चढत नाही. जवानाने एक तुकडा मोडून दातांखाली धरला. दाताने माघार घेतली. “ऐसे नहीं, तलके,” ही म्हणाली, “और तेल पूरा तपने दो.”

त्याने डब्याचं झाकण लावलं. पण एकदा संशय आला की तो पुढे जातोच, म्हणून त्याने आमची ओळखपत्रं मागितली. माझं आधार कार्ड हातात घेतलं. कार्डावर भरघोस मिशा. त्याने मान वर केली, कार्डाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग हिच्याकडे वळून विचारलं, “मॅडम, ये आपके साथ हैं?”

हिने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.