राहील त्याचं घर!

वडिलांचं तेरावं आटोपलं की आधी दाराचं कुलूप बदला. बहिणी सुटीत आल्या तर "आधी फोन नाही का करायचास?" एवढं प्रेमानं म्हणा. बारा वर्षं अशी काढलीत की घर तुमचंच, हे टपरीवरचा चहावालासुद्धा सांगेल. एका हिस्सेदाराचा ताबा कायद्यात सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. इतरांचा हक्क त्यांना कळेल असा उघड उघड नाकारल्याशिवाय, ताब्यावरून मालकी सांगायला लागणाऱ्या बारा वर्षांची मोजणी सुरूच होत नाही. पण चहावाला काही एवढं खोलात शिरत नाही.

मग वारसनोंद. मृत्यूचा दाखला जोडा आणि प्रतिज्ञापत्रातल्या वंशावळीत आई व दोघे भाऊ एवढीच नावं घाला. मुली सासरी नांदताहेत, त्यांचा काय संबंध? वडिलांनी स्वतः बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलगे, मुली यांना सारखा वाटा मिळतो, लग्न झालेलं असो वा नसो. पण फेरफार मंजूर होताच पेढे वाटायला हरकत नाही. महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही आणि घरपट्टीच्या पावतीनंही नाही, हे पेढे खाणाऱ्यांना कशाला सांगायचं! प्रतिज्ञापत्रातला खोटेपणा मात्र तुमच्याच सहीनं जपून राहतो.

हक्कसोडपत्राला राखीपौर्णिमेसारखा मुहूर्त नाही. ओवाळून झालं की स्टँपपेपर पुढे सरकवा आणि नोटरीचा शिक्का घेऊन मोकळे व्हा. दुय्यम निबंधकाकडे जाऊच नका; तिथे फोटो, अंगठा आणि "सही तुमचीच ना?" अशी चौकशी. घरातला हिस्सा सोडणारा दस्त नोंदवलेला नसेल तर हक्क सुटतच नाही, म्हणजे तुमच्या कपाटात आयुष्यभर एक सुंदर कागद राहील.

वरच्या खोल्या भाड्यानं द्या, छपराची कौलं बदला, पण बिलं ठेवू नका. पुढे हिशेब निघाला की भाडं सांगायला भाडेकरू साक्षीला येतो. कौलांचा खर्च सांगायला कुणीच नाही.

एवढं करूनही बहिणींनी वाटपाचा दावा लावलाच, तर लेखी समजुतीनं मिटवू नका, तारखा घ्या. प्राथमिक हुकूमनाम्यात प्रत्येकाचा हिस्सा ठरतो, मग कोर्ट कमिशनर टेप घेऊन येतो. एका जिन्याचं, एका विहिरीचं घर पाच जणांत सोयीनं तुटत नाही, हे त्याच्या ध्यानात येतं. तेव्हा अर्धा किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांनी मागणी केली तर १८९३ च्या वाटप कायद्यानं कोर्ट घर विकायला काढू शकतं. आई आणि दोघी बहिणी मिळून पाचात तीन होतात. आई कुणाकडे राहते, हे या टप्प्यावर जरा आठवून बघा. कोर्टानं ठरवलेल्या किमतीला त्यांचे हिस्से विकत घेण्याची संधी तुम्हाला असते, पण बाजारभावानं तिघींचे पैसे एकदम मोजावे लागतात. नसतील तर लिलावात बोली लावा. तुमच्या हिश्श्याची रक्कम वळती करून मिळू शकते.