दहा डॉलरचे किती रुपये?

मामा दर दिवाळीला विचारतो, "काय रे, तुझा गेम दहा डॉलरला जातो ना? मज्जा आहे बुवा!" कसली मज्जा, मामा! गेम विकणारं स्टोअर आधीच 30 टक्के कापतं. राहिले सात. घेणारा अमेरिकेतला असेल तर त्या सातातून 15 टक्के तिकडच्या सरकारला. तेही सवलतीत बरं का, भारत-अमेरिका कर-करारामुळे! डब्ल्यू-8 बेन नावाचा फॉर्म नीट भरला नाहीत, तर तिथेही 30. फॉर्म नीट भरलात, तर उरले 5 डॉलर 95 सेंट. युरोपातल्या गिऱ्हाइकाचं बोलूच नका, तिथे व्हॅट किमतीतूनच वजा. मग बँक स्वतःच्या दराने रुपये करणार, वर चार्जेस, त्या चार्जेसवर जीएसटी. आणि आपला आयकर? तो तर आहेच! अमेरिकेत कापलेल्याचं क्रेडिट हवं तर आणखी एक फॉर्म, त्याची सीएची फी वेगळी.

हे सगळं पूर्ण किमतीला विकला तर. लोक सेलची वाट बघत बसतात. परवा एकाने 70 टक्के सवलतीत घेतला, तासाभरात रिफंड मागितला आणि वर रिव्ह्यू टाकला: "छान आहे, पण महाग."