चाहा बोलणारी बाई आणि आपली पहिलीतली हिंदी

इथिओपियाच्या राजधानीतली, अदिस अबाबातली आमची घरमालकीण गुरागे समाजाची आहे. तिच्या बोलीचं नाव चाहा. पाजते मात्र कॉफी, आणि तीही एकदा नाही. कोळशाच्या शेगडीवर जेबेनात, म्हणजे काळ्या मातीच्या सुरईत, तीच पूड पुन्हा पुन्हा उकळून तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. गावाकडून बहिणीचा फोन आला की ती चाहात बोलते. शेजारी बसलेल्या लेकीला सगळं कळतं, पण ती उत्तर देते अम्हारिकमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या भाषेत. नातीला तर कळतही नाही.

२०२५ चा जून आठवतो. माझ्या व्हॉट्सॲपवर पुण्याची भांडणं रोज येऊन पडत होती. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला सुधारून पुन्हा निघाला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले. मला बरं वाटलं. सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात तीन भाषा बांधू नयेत, हे माझं मत इथे येऊनही बदललेलं नाही. पण शाळेच्या ग्रुपवर कुणी 'मराठी आता संपलीच' असं लिहिलं की मला गाफात आठवते.

गाफात ही अम्हारिकचीच बहीण. दोघी सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या गोतातल्या. निळ्या नाईलच्या काठी ती बोलली जायची. वुल्फ लेस्लाउ हे भाषाशास्त्रज्ञ १९४७ च्या सुमारास शोधत गेले, तेव्हा ती बोलणारी चार माणसं सापडली. आज एकही नाही. तिला इंग्रजीने मारलं नाही, इटालियननेही नाही. घरच्याच अम्हारिकने गिळलं. आणि दक्षिणेला वेइतो नदीकाठची ओंगोता तर बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे. त्यांची पोरं बोलतात शेजाऱ्यांची त्सामाई, जी बोलणारेही फार नाहीत. गिळायला तोंड मोठंच लागतं असं नाही.

अम्हारिकच्या फिदेल लिपीवर माझा जीव आहे. आपल्या बाराखडीसारखीच ती: एकेका व्यंजनाची सात रूपं, आणि पोरं भिंतीवरच्या तक्त्यावर काठी फिरवत ती सुरात घोकतात. पण सम्राट हैले सेलासींच्या राज्यात ओरोमो भाषेला शाळेत जागा नव्हती. तो राग इतका मुरला, की १९९१ मध्ये ओरोमोंनी फिदेल नाकारून रोमन लिपी घेतली. १९९४ च्या धोरणाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेत आणलं. हे आपल्याकडे सांगितलं की टाळ्या पडतात. अदिसमधल्या गुरागे पोरीच्या वाट्याला मात्र शाळेत अम्हारिकच येते.

एकदा बाईंनी विचारलं, तुमच्या राज्यात लहान भाषा कुठल्या? मी अहिराणी, मालवणी म्हणालो, आणि या निराळ्या भाषा की मराठीच्याच बोली, यावर स्वतःशीच वाद घातला. निहाली आठवायला वेळ लागला. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला दोन-अडीच हजार लोक ती बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं पक्कं जुळलेलं नाही. जनगणना दहा हजारांखालच्या भाषांची नावं छापत नाही, म्हणून तक्त्यात ती दिसतही नाही. तिथल्या पोराच्या घरी निहाली, शेजारी कोरकू आणि शाळेत मराठी. पहिलीतच परकी भाषा, ही तक्रार त्याला हिंदी यायच्या आधीपासून करता आली असती. जूनभर मी दोन्ही बाजूंचं इतकं वाचलं, त्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

हे सगळं मी माझ्या मोडक्या अम्हारिकमध्ये बाईंना सांगितलं.

"म्हणजे तुमची मराठी ही तिकडची अम्हारिक," असं म्हणून तिने बरका ओतली. मी वाद घातला नाही.