तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: ऑइल फिल्टर, होज पाइप आणि आमची चुकलेली मापं

दादा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा डोकंच फिरलं, दुसऱ्यांदा वाचून गाडीचं जॉबकार्ड काढलं आणि मग गप्प बसलो, कारण तुमचं बरंचसं खरं आहे.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. यांच्या गाडीतलं जुनं पेट्रोल इंजिन काढून आम्ही कमिन्सचं ४बीटी बसवून दिलं, ३.९ लिटर, ४ सिलिंडर, टर्बो डिझेल. यांची तक्रार तीन गोष्टींची. एक, ऑइल फिल्टर बदलायचा तर रेडिएटरचा खालचा होज पाइप सोडावा लागतो आणि सगळं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जमिनीवर येतं. दोन, दोन महिन्यांत तोच पाइप फिल्टरला घासून फाटला आणि गाडी चढावर उभी राहिली. तीन, "मोजमाप न करता अंदाजपंचे बसवलंय."

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण तेच सगळ्यात लागलं. मोजमाप केलं होतं दादा. फिल्टर आणि पाइप यांच्यामध्ये १४ मिमी गॅप, जॉबकार्डवर लिहिलेला आहे. पण तो मोजला कधी, तर इंजिन बंद, गाडी सपाट जमिनीवर, आणि फाउंडेशनची रबरं (इंजिन चेसीवर ज्यांच्यावर बसतं ती) कडक असताना. मग ट्रायलला तुम्ही म्हणालात स्टिअरिंग फार थरथरतंय, ते बरोबरच होतं, या इंजिनात थरथर मारणारे बॅलन्स शाफ्ट नाहीत त्यामुळे हलतंच ते, म्हणून आम्ही मऊ रबरं टाकली, थरथर कमी झाली, तुम्ही खुश आम्ही खुश आणि गाडी दिली. मऊ रबरावर इंजिन काही मिमी खाली बसतं आणि डुलतं तर कितीतरी जास्त. तो १४ चा आकडा परत कुणी मोजलाच नाही. चूक आमची, सरळ सांगतो.

आता हे डुलणं म्हणजे किती ते सांगतो, कारण इंजिन बदलून घेणाऱ्या कितीतरी लोकांना याचा अंदाज नसतो (आम्हाला असून उपयोग झाला नाही हे वेगळं). या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, धरा ३५० न्यूटन मीटरच्या आसपास. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तुकड्यासारखे एकमेकांना जोडलेले असतात त्यामुळे फाउंडेशनवर येणारा पीळ नुसत्या इंजिनाचा नसतो, गिअरने वाढवलेला असतो. पहिला गिअर ५ ला १ धरला तर १७५० न्यूटन मीटर. दोन बाजूच्या फाउंडेशनमधलं अंतर अर्धा मीटर धरलं तर एका बाजूला साडेतीनशे किलोच्या आसपास खाली दाब आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच वर उचल, गिअरबॉक्सचं फाउंडेशन त्यातला थोडा वाटा घेतं पण तरी बघा, हे अख्खं कोरडं, म्हणजे ऑइल-पाणी न भरलेलं, इंजिनच साधारण तेवढ्या वजनाचं आहे. आणि क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, पुढून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणजे इंजिनाची बॉडी उलटी फिरू बघते, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाची उजवी बाजू खाली जाते. ४बीटीचा ऑइल फिल्टर कुठे, तर उजव्याच बाजूला, टर्बोच्या खाली, उभा लटकलेला. तुमच्या रेडिएटरचं खालचं तोंड पण उजवीकडे आणि आमचा पाइप बरोबर फिल्टरच्या खालून पुढे गेलेला. म्हणजे चढावर पहिल्या गिअरमध्ये दरवेळी फिल्टरची कड त्या पाइपवर टेकत होती. बंद इंजिनात १४ मिमी, चढावर शून्य.

त्यात अजून एक भर पडली. कूलंटचे होज पाइप साधारणपणे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, गरम पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल वर्षानुवर्षं झेलतात पण ऑइल लागलं की फुगतात, मऊ पडतात. पहिल्या ऑइल चेंजला तुमच्या मेकॅनिकने पाइप एका टोकाला सोडून बाजूला लटकवला असणार आणि फिल्टर सोडल्यावर त्यातलं ऑइल त्याच पाइपवर ओघळलं असणार, फोटोत तो भाग काळा चकचकीत आणि जाडसर दिसतोय. तो पुसायला हवा होता वगैरे मी म्हणणार नाही, फिल्टरच्या बरोब्बर खालून पाइप न्यायलाच नको होता.

आणि खरं सांगू का, पाइप फाटला हे त्यातल्या त्यात बरं झालं. फिल्टरचं डबडं पातळ पत्र्याचं असतं, थंड इंजिनात ऑइलचा दाब सहज ४ बारच्या वर जातो, तो पत्रा घासून भोक पडलं असतं तर बघता बघता ऑइलचं चेंबर रिकामं होऊन बेअरिंगं गेली असती. तुम्ही वाफ दिसल्या दिसल्या इंजिन बंद केलंत म्हणून इंजिनाचं हेड (वरचा भाग) तापून वाकण्यापासून वाचलं. टेंपरेचरचा काटा वर गेला नव्हता असं तुम्ही लिहिलंय, त्यात काट्याचा दोष नाही, पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा कमीच दाखवतो. म्हणून आता तुमच्या गाडीला पाण्याच्या लेव्हलचा अलार्म पण बसवून देतो.

आता पहिली तक्रार, फिल्टर काढायची. इथे मी थोडा वाद घालणार. इंजिन बसवताना मी विचारलं होतं की इंजिन २० मिमी वर घेऊ का, फिल्टरखाली जागा होईल पण बॉनेटला उंचवटा करावा लागेल. तुम्ही म्हणालात बॉनेटला हात लावायचा नाही. ठीक आहे, गाडी तुमची. पण त्या 'नाही'चा अर्थ "दरवेळी फिल्टरसाठी पाइप सोडावा लागेल" असा होतो हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. फिल्टर मावतो का एवढंच बघितलं. तो खाली उतरून आट्यातून सुटायला वेगळी जागा लागते, पट्टा पाना फिरवायला वेगळी आणि गरम ऑइलने भरलेला फिल्टर सरळ धरून बाहेर काढायला हाताला वेगळी, ते बघितलंच नाही. म्हणजे वादात पण अर्धा मीच हरलो.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या मेकॅनिकने छोट्या कारचा फिल्टर लावायला सांगितलंय, "आटे बसतात" म्हणून. दादा, हात जोडतो, ते करू नका. आटे बसणं हा फार फसवा प्रकार आहे. उदाहरण देतो, पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा स्टड (फिल्टर ज्याच्यावर चढतो तो खुंट) १९.०५ मिमीचा असतो, त्याच्यावर २० मिमीचा, दीड मिमी पिचवाला फिल्टर चढतो पण आणि गॅसकेट टेकलं की हाताला घट्ट पण लागतो, पण आटे नुसते कडेकडेने धरलेले असतात, थंडीत स्टार्ट केल्यावर दाब आला की फिल्टर सुटून जमिनीवर. शिवाय बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे कागद चोंदला तर ऑइल तसंच पुढे सोडणारी झडप, काही फिल्टरांत आत असतो, काहींत नसतो, आणि तो किती दाबाला उघडतो तेही वेगवेगळं असतं, तो चुकीचा निघाला तर ऑइल न गाळताच इंजिनात फिरत राहतं आणि तुम्हाला बाहेरून काही कळत नाही. आखूड फिल्टर लावायचाच तर याच इंजिनाला चालणारा, तेच आटे, तेच गॅसकेट असलेला आणि बायपासच्या बाबतीतही मूळ फिल्टरसारखाच लावायचा, आणि त्यात कागद कमी असतो म्हणून ऑइल लवकर बदलायचं.

फिल्टर लांब नेऊन बसवायचा रिमोट किट, तो पर्याय वाईट नाहीये. पण इंजिनाचं सगळं ऑइल त्या दोन नळ्यांतून जाऊन परत येणार, म्हणजे नळ्या जाड हव्यात, आतून १९ मिमी तरी, टोकं मशिनवर दाबून बसवलेल्या (क्रिम्प केलेल्या), आणि तुमच्या गाडीत त्या टर्बोच्या एक्झॉस्टच्या शेजारून जाणार. वर चार जादा जॉइंट. एकदा दुसऱ्या एका गाडीत आमच्याच पोराने नळ्या उलट जोडल्या होत्या, फिल्टरमध्ये ऑइल कडेच्या भोकांतून आत जातं आणि मधून बाहेर येतं, उलटं केलं की आतली रबरी चकती भोकं बंद करून बसते. स्टार्टरवर फिरवतानाच प्रेशर येत नाही हे दिसलं म्हणून निभावलं. तेव्हापासून दुसरा मार्ग असेल तर मी रिमोटच्या वाटेला जात नाही.

तुमच्या गाडीत मार्ग आहे. फाटला त्या रात्रीच सुचला, लाज वाटते की आधी का नाही सुचला. फिल्टर इंजिनावर आहे, रेडिएटर चेसीवर आहे, इंजिन डुलतं, चेसी डुलत नाही, आणि आम्ही रबरी पाइप फिल्टरजवळून नेला म्हणजे सगळी हालचाल नेमकी तिथेच आली. त्याऐवजी फिल्टरच्या भागात स्टीलची नळी घालायची आणि ती ब्रॅकेटने इंजिनालाच बांधायची. मग इंजिन कितीही डुललं तरी फिल्टर आणि नळी दोघं एकत्र डुलतात, मधला गॅप आहे तेवढाच राहतो. डुलणं सगळं ढकलायचं पुढे रेडिएटरजवळ, तिथे मोकळी जागा आहे, तिथे रबराचा लांब वाकवलेला तुकडा. नळीच्या टोकांना गोल उठाव काढून घेतोय, नाहीतर क्लिप कितीही आवळा, पाइप कधीतरी निसटतोच. हा खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूचा आहे, मऊ असेल तर जास्त आरपीएमला आत पिचकतो, म्हणून तो तुकडा मोल्डेड एल्बोच घेतलाय, सरळ पाइप वाकवून घालणार नाही. आणि नळी फिल्टरच्या खालून न जाता मागे वळून क्रॉस मेंबरच्या (चेसीच्या आडव्या पट्टीच्या) वरून जाईल, म्हणजे फिल्टर सरळ खाली निघेल, कूलंटला हात लावायची गरज नाही, ऑइल ठिबकलं तरी स्टीलवर ठिबकेल.

यावेळी मापं अशी घेणार: पुढच्या स्प्रिंगा काढून ॲक्सल स्टॉपरपर्यंत वर, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि फिल्टरच्या चारी बाजूंना खेळायच्या मातीचे गोळे चिकटवून. मग स्प्रिंगा परत घालून, चाकांना ठोकळे लावून, पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये क्लच थोडा थोडा सोडून इंजिन पिळून बघायचं (रिव्हर्सला ते उलटं डुलतं, तेही बघायला हवंच). माती जिथे २० मिमीपेक्षा पातळ दाबली गेली तिथे काम परत. हे सगळं तुमच्या समोर करू, तुम्ही स्वतः पट्टी धरा. मजुरी नाही, सामान आमचं.

स्टार १ चा २ करा असं काही म्हणणार नाही. गाडी आणेपर्यंत तात्पुरत्या पाइपवर चढ टाळा, आणि जायच्या आधी टॉर्च घेऊन फिल्टरच्या पुढच्या कडेवर बघा. रंग उडून चकाकणारी रेघ दिसली तर इंजिन चालूच करू नका, टो करून आणा, टोचा खर्च आमच्याकडे. आणि तो फाटका पाइप टाकू नका, सोबत घेऊन या, पोरांना दाखवायचाय.