डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपर्ली

माझ्या जुन्या कॉम्प्युटरची वाचा गेली. मदरबोर्डावरचा स्पीकरचा जॅक सैल झाला होता. पिन दाबून धरली की गाणं, सोडली की मौनव्रत. काही दिवस मी एका हाताने पिन धरून दुसऱ्या हाताने माउस हलवला. मग खणातल्या अडगळीत मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारं एक जुनं पीसीआय साउंड कार्ड सापडलं आणि मला स्वावलंबनाची उबळ आली.

"बाबा, फोनवर ऐक ना गाणी," मुलगी म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

कार्ड स्लॉटमध्ये बसवलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. विंडोज एक्सपीने कोपऱ्यात फुगा सोडला: 'फाउंड न्यू हार्डवेअर'. कुणीतरी आलंय एवढं त्याला कळलं, कोण आलंय ते कळेना. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर 'अदर डिव्हायसेस'च्या खाली 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' आणि शेजारी पिवळं प्रश्नचिन्ह. ओळखपत्र न आणलेल्याला बाहेरच्या बाकावर बसवतात, तसं बसवून ठेवलेलं. खाली कोड २८, म्हणजे ड्रायव्हरच नाही, विंडोजला कार्डाशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअरच नाही.

कार्डाबरोबरची सीडी चक्क मिळाली. ड्राइव्ह बराच वेळ खाकरला, मग दोन फोल्डर दिसले: एक विंडोज ९५चा, एक ९८चा. तरी सेटअप चालवून पाहिला. 'कार्ड सापडत नाही' असं त्याने ठणकावून सांगितलं. परक्याने ओळख नाकारली तर समजू शकतो, इथे सख्ख्या सीडीने हात झटकले.

ही मशीन मी नेटला जोडत नाही. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची जबाबदारी सोडली, तेव्हापासून ती घरकोंबडी आहे. म्हणजे शोधायचं लॅपटॉपवर आणि आणायचं पेन ड्राइव्हमधून. पण शोधायचं काय? कार्डावरच्या चिपवर कुणीतरी स्टिकर चिकटवलेला. तो नखाने खरवडला, तर स्टिकरबरोबर खालची अक्षरंही निघाली.

नशिबाने प्रत्येक पीसीआय कार्ड आपलं कूळ आणि नाव पोटात बाळगून असतं. प्रॉपर्टीजमध्ये, डिटेल्समध्ये, 'व्हेन' आणि 'डेव्ह' अशी चार-चार अक्षरं-आकडे दिसतात. पहिलं कंपनीचं, दुसरं चिपचं. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, १९७८ सालच्या आपल्याच प्रोसेसरचा नंबर. माझ्या कार्डाच्या कुळाला असा काही इतिहास नव्हता. मी ते वीजबिलाच्या पाकिटावर पेन्सिलीने उतरवून घेतलं आणि तासभर एका मोडेमचा ड्रायव्हर उतरवत बसलो, कारण माझा इंग्रजी बी आणि माझा इंग्रजी आठ यांत मलाही फरक करता येत नाही.

ड्रायव्हरच्या साइटींबद्दल न बोललेलं बरं. एका पानावर पाच हिरवीगार डाउनलोड बटणं. खरं सगळ्यात बारीक, करड्या अक्षरांतलं. बाकीची भलतंच काहीतरी गळ्यात मारायला टपलेली. शेवटी एक झिप हाती लागली. त्यातली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि पाकिटावरचा नंबर शोधला. सापडला! त्या फाइलमध्ये आपल्या कार्डाचा नंबर असेल तरच तो ड्रायव्हर आपला, एवढी साधी गोष्ट. मला कळायला इतकी वर्षं लागली.

एक्सपीने हे सॉफ्टवेअर लोगो टेस्टिंग, म्हणजे मायक्रोसॉफ्टची परीक्षा, पास झालेलं नाही म्हणून दम भरला. मी 'कंटिन्यू एनीवे' दाबलं. पिवळ्या प्रश्नचिन्हाचं पिवळं उद्गारचिन्ह झालं. याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा. कोड १०: 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट'. कोड २८ निदान काय नाहीये ते सांगतो. कोड १० म्हणजे नुसता रुसवा, कारण विचारायचं नाही.

भाच्याला फोन लावला.

"मामा, मदरबोर्डावरचं साउंड बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, बंद केलंत?"

"केलं."

"मग स्लॉट बदला. आयआरक्यू भांडत असेल."

आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन! कानावर पडताच जुना काळ आठवला. पीसीआयच्या आधीच्या आयसा कार्डांच्या दिवसांत इवल्याशा जम्परच्या टोप्या चिमट्याने हलवायच्या आणि कार्डाची सेटिंग पाढ्यासारखी म्हणायची: पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. लाइनी सगळ्या मिळून सोळा, त्यातल्या घड्याळ, कीबोर्ड, हार्ड डिस्कने आधीच अडवलेल्या. १९९५मध्ये प्लग अँड प्ले, म्हणजे लावा आणि वापरा, आलं आणि लोक लगेच त्याला प्लग अँड प्रे, लावा आणि देवाला हात जोडा, म्हणू लागले. पीसीआय कार्डं लाइन वाटून घेऊ शकतात, पण एका बाकावर बसवलं म्हणून मैत्री होतेच असं नाही.

स्विच बंद करून कार्ड उपसलं. कडेच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन हळूहळू घासल्या. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला पिवळा रंग वर आला. कचरा फुंकून झटकला. मग यूएसबीच्या कार्डाला तिसऱ्या स्लॉटमध्ये ढकललं आणि साउंड कार्ड त्याच्या जागी पहिल्यात बसवलं.

उद्गारचिन्ह गेलं! 'धिस डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपर्ली.' आवाज मात्र शून्य. म्यूट पाहिलं. व्हॉल्यूम पाहिला. स्पीकर फोनला लावून पाहिले, खणखणीत. कॉम्प्युटर म्हणतोय सगळं ठीक आहे आणि मी त्याच्याशी मोठ्याने वाद घालतोय, असं दृश्य घरच्यांनी येता-जाता पाहिलं.

रात्री टॉर्च तोंडात धरून टेबलाखाली शिरलो. कार्ड इतकं जुनं की जॅक सगळे काळे. हिरवा स्पीकरचा आणि गुलाबी माइकचा ही सोय पीसी ९९ नावाच्या, कॉम्प्युटर कसे बनवावेत याच्या शिफारशीबरोबर आली. इथे पत्र्यावर नखाएवढी चित्रं कोरलेली. नीट पाहिलं, तर दोन दिवस मी स्पीकर माइकच्या भोकात खुपसून बसलो होतो. कार्ड पहिल्यापासून खरं बोलत होतं.

पिन बदलली. आता एक गाणं वाजवावं म्हणून पेन ड्राइव्ह लावला.

आवाज आला. स्वच्छ, दोन्ही स्पीकरमधून, भरदार: टुंग-टुंग-टुंग. कोपऱ्यात फुगा: 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'.

खोडरबर कंपासपेटीत परत ठेवलेलं नव्हतं, हे बरंच झालं.